टिनावरचे दगड

मामाजी,

काल तुमची तेरवी झाली. वरणात मीठ जास्त पडलं होतं आणि कोणी बोललं नाही. तुम्ही असते तर पहिल्याच घासाला म्हणाले असते, "मास्तरीन, आज मिठाची गोनी उलथली का?" सगळी पंगत मुकाट्यानं जेवून उठली. तुम्ही गेले हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

आज सकाळी तुमचा गजानन मालेगावला दुकानावर गेला. तेरा दिवस घरी बसला होता, आता मालक किती सांभाळून घेईल. तुमची नात राणी शेजारी खेळते आहे. मी ताडपत्रीखाली वही घेऊन बसले आहे. माझं लिहिणं तुम्हाला कधी आवडलं नाही, ठाऊक आहे मला. "बोलतं आपल्यासारखी अन लिहितं कलेक्टरसारखी," असं म्हणायचे तुम्ही. डी.एड. करून घरी बसलेल्या सुनेनं लिहावं तरी कसं? सहन करा आता.

गजानन म्हणत होता, पेपरात छोटी बातमी देऊ, फोटो देऊ, जन्म कधीचा ते टाकू. मी म्हटलं, राहू दे. ते सगळं गावाला ठाऊक आहे. मला तुमच्याशी एकाच वाक्याचं बोलायचं आहे. वादळ झाल्यावर सहाव्या दिवशी मी तुम्हाला एक वाक्य बोलले. तुम्ही त्याला उत्तर दिलं नाही, आणि मी ते परत घेतलं नाही. तेवढं वाक्य माझ्या जिभेवर तसंच पडून आहे आणि ऐकणारा निघून गेला.

तुम्ही मला पाहायला आले तो दिवस आठवा. मानोऱ्याजवळच्या आमच्या घरी तुम्ही चौघं आले होते. मी पोह्यांच्या प्लेटा घेऊन बाहेर आले तर तिघं माझ्याकडे पाहत होते आणि तुम्ही वर, आमच्या ओसरीच्या टिनाकडे. आईचा चेहरा उतरला, तिला वाटलं माणसाला पोरगी पसंत नाही. मग तुम्ही बोट वर केलं. "पाव्हनं, थो तिसरा हूक ढिला हाय. पावसाळ्यात पानी सरळ चुलीवर येईन." आणि शिडी मागितली. मुलगी पाहायला आलेले लोक रांधता येतं का विचारतात, शिवणकाम येतं का विचारतात. तुम्ही नवं धोतर खोचून वर चढले, खिशातून वायसर, हुकाखालची ती चकती, काढून बसवलं, उतरून हात धुतले आणि गार झालेले पोहे खात म्हणाले, "पोरगी चांगली हाय." केव्हा पाहिली होती कोण जाणे. पाहुणपणाला जाताना खिशात वायसर घेऊन जाणारा सासरा मिळणार म्हणून मी आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसत होते.

घरात आल्यावर कळलं की ते खिशातलं वायसर म्हणजे तुमचा निम्मा स्वभाव. आसेगावपासून मालेगावपर्यंत तुम्ही टिनं ठोकली. कुणाच्या लग्नाला गेलात तरी नवरीच्या आधी छत पाहायचे. बोटाच्या पेरानं टिनावर टकटक करायचे आणि आवाजावरून सांगायचे, कोणता हूक पक्का, कोणता गेलेला. मोठमोठे घरवाले मिस्तरी म्हणून हाक मारायचे, आणि तुमची मान काही त्या हाकेनं ताठ झाली नाही. वाकडा पत्रा मात्र तुम्ही कुणाच्याच घरावर चढू दिला नाही, सरपंचाच्याही.

आणि तुमचं ते दगडांचं भांडण. आपल्याकडे टिनाचं घर म्हटलं की वर दगड आलेच. वैशाखात वारा सुटला, टिन खडखड वाजलं, की बाई शिडी लावते आणि नाल्यातला एखादा दगड वर नेऊन ठेवते. दरवर्षी एक-दोन वाढतात. पाच-दहा वर्षांत छतावर दगडांची दाटी होते. तुम्हाला ते डोळ्यांनी पाहवत नव्हतं. हूक मारून, वायसर लावून, दोरी ताणून बसवलेलं टिन, आणि त्याच्या छाताडावर दगड. "दगडानं टीन दबते, दबलं का पानी साचते, पानी साचलं का गंज," हे तुम्ही इतक्यांदा सांगितलं की राणीलाही पाठ झालं. वरून म्हणायचे, "दगड टिनाले धरत नाई. टीनच दगडाले धरून राह्यते." तुम्ही कोणाच्याही घरी गेलात की आधी वर चढून दगड खाली टाकायचे, मग चहा. लोक तुमच्या तोंडावर हो म्हणायचे आणि तुम्ही गल्लीच्या बाहेर पडले की परत ठेवायचे. नाल्याकडच्या गल्लीत मात्र तुम्ही हार मानली नाही. ती आपल्या घरामागची गल्ली, येता-जाता तुमची नजर तिथे. दर पंधरा दिवसांनी चढायचे.

यंदा होळीच्या आधी कमलकाकूंशी तुमचं जे झालं ते सगळ्या गावानं ऐकलं. त्यांच्या टिनावर अकरा दगड होते. तुम्ही एकेक खाली टाकत होते आणि त्या अंगणात उभ्या राहून तुमच्या सात पिढ्या काढत होत्या.

"मिस्तरी, हात झडतीन तुमचे."

"हात झडले तं तुमचं टीन कोन ठोकन, कमलबाई?"

"माहं घर हाय, मी दगड ठेवीन नाई तं हत्ती ठेवीन."

"हत्ती ठेवा. थो आपल्या पायानं उतरते तरी."

मी ओट्यावरून ऐकत होते आणि हसू आवरत नव्हतं. पण खरं सांगू का, मला तेव्हा कमलकाकूंचं पटत होतं. कारण मी स्वतः तेच केलं होतं. राणी चार महिन्यांची असताना तुम्ही मालेगावला आठ दिवस कामावर होते. दुपारी वारा सुटला आणि पाळण्यावरचं टिन वाजायला लागलं. मिक्सर आल्यापासून वारलेल्या सासूबाईंचा पाटा अंगणात पडून होता. मी आणि गजाननं तो शिडीवरून ढकलत वर नेला आणि बरोबर पाळण्याच्या डोक्यावर ठेवला. त्या दिवशी मला गाढ झोप लागली. तुम्ही परत आले, अंगणात पाय ठेवायच्या आधी वर पाहिलं, आणि माझ्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, "थ्या बाईनं पंचवीस वर्सं या पाट्यावर मसाला वाटला. तू थो टिनावर ठेवला?" मला वाटलं, राग पाट्याचा आहे. तुम्ही म्हणाले, "पाट्याचा नाई, टिनाचा हाय." असे तुम्ही.

मग ती दुपार आली. मी अंगणात साडीवर कुरड्या वाळत घातल्या होत्या. तीन दिवसांचं काम होतं ते, गहू भिजवण्यापासून. ऊन पिवळट झालं, हवा थांबली. पारावर चार-पाच माणसं बसली होती. आसेगावच्या बाजूनं धुळीचा एक खांब दिसला. आपल्याला वावटळीचं काय अप्रूप, वैशाखात दिवसातून दहा उठतात. वावटळीत भूत असतं म्हणून पायातली चप्पल काढून तिला दाखवायची, ही आपली जुनी रीत. गंगारामआबांनी बसल्या जागी चप्पल काढली आणि हात वर केला. बाकीचे हसत होते. मीही पाहत होते. सगळं गाव तोंड वर करून उभं होतं आणि एकाच्याही मनात पळायचं आलं नाही, कारण सगळ्यांना ती ओळखीची वाटत होती.

तुम्ही ओट्यावरून उठले. डोळ्यांवर हात धरला. मग हळूच म्हणाले, "वावटळ भुईतून उठते. हे तं वरून उतरून राह्यलं."

मी परत पाहिलं. ढगातून एक सोंड खाली आली होती आणि जमिनीला लागली होती.

त्यानंतर तुम्ही जे केलं ते मी जन्मभर सांगत राहणार आहे. होळीनंतर तुम्हाला डॉक्टरांनी छातीमुळे जिना चढू नका म्हटलं होतं. तुम्ही हातोडी घेतली, अंगणात पडलेला टिनाचा तुकडा उचलला आणि तो बडवत गल्लीनं पळत सुटले. "घरातून निघा, शाळेच्या स्लॅबात चला, टिनाखाली थांबू नका." वादळात माणूस घरात शिरतो, तुम्ही लोकांना घराबाहेर काढत होते. काहींना वाटलं, मिस्तरीचं डोकं फिरलं. मी तर राणीला काखेत घेऊन साडीची टोकं गोळा करत होते, कुरड्यांसकट. तुम्ही परत आले आणि माझ्या हातातली साडी हिसकावली.

"मामाजी, तीन दिवसांच्या कुरड्या हायेत."

"कुरड्या पुढच्या वर्सी घाल. पोरगी पुढच्या वर्सी कोठून आनशीन?"

इतक्या जोरात तुम्ही माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी पळाले. शाळेच्या दोन खोल्यांत अर्धं गाव उभं होतं, माणसाला माणूस चिकटून. बाहेर असा आवाज झाला की जणू कुणी डोक्यावरून ट्रॅक्टर नेतो आहे. दोन मिनिटं असेल, फार तर तीन. मग एकदम शांत झालं आणि ऊन पडलं.

बाहेर आलो तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. टिनं बाभळींवर लटकली होती, विजेच्या खांबाला पोळीसारखी गुंडाळली होती. देवरावभाऊंच्या मळ्यातली संत्र्याची झाडं मुळांसकट आडवी. कुणाच्या गुरांचं कुटार कुणाच्या विहिरीत. आपल्या घराला भिंती होत्या, छत नव्हतं, तुम्ही स्वतःच्या हातानं ठोकलेलं. माझ्या कुरड्या कुठे गेल्या हे विचारायची हिंमत झाली नाही. वरल्या गल्लीत सुखदेवभाऊंची आई गेली. सगळे म्हणाले, घर पडून म्हातारी गेली. पंचनाम्यातही तसंच लिहिलं.

पुढचे नऊ दिवस लाईट नव्हती. दळण आसेगावला न्यावं लागायचं. मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज व्हायचे, रांग लावून. शाळेत एकाच चुलीवर सगळ्यांचं शिजायचं आणि ज्या बायकांचं एकमेकींशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्या एका परातीत कणीक मळायच्या. ऊसतोडीवर गेलेली चार घरं नुकतीच परतली होती, सामान सोडायच्या आधी छत गेलं. त्यांच्या बायका रडल्या नाहीत, बोचकी तशीच बांधलेली ठेवून शाळेत आल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या. मला त्यांचं फार वाटलं.

पंचनाम्याला साहेब आले तेव्हा कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावरून पारावर वाद झाला. एक म्हणे चक्रीवादळ लिहा, एक म्हणे वावटळ. वावटळ म्हटलं की साहेब हसायचे, वावटळीनं घर पडतं का म्हणून. मी मोबाईलवर पाहून सांगितलं, याला टोर्नाडो म्हणतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. "तुह्या मोबाईलले त्याचं नाव माईत हाय. मंग थो येऊन राह्यला हे काहून नाई सांगतलं?" साहेबसुद्धा हसले. शेवटी त्यांनी वादळी वारा लिहिलं, आणि तुम्ही म्हणाले, लिहा काहीही, उडालेलं टीन वाचता येत नाई.

पण हसणं तेवढंच. त्या दिवसापासून तुम्ही आतून खचले होते, ते मला दिसत होतं. रोज सकाळी निघायचे आणि स्वतः ठोकलेलं एकेक घर पाहायचे. माणसं मलबा उचलत होती आणि तुम्ही त्या मलब्यात हूक शोधत होते. वाकला का, तुटला का, निसटला का. कोणी टोमणा मारायचं, "मिस्तरी, तुमचे हूकबी गेले अन सुखदेवचे दगडबी गेले. बराबर झालं." तुम्ही ऐकून घ्यायचे. एकदाही म्हणाले नाही की एवढ्या मोठ्या वाऱ्यापुढे कोणाचं काय टिकणार. सगळं गाव ते म्हणायला तयार होतं. तुम्हाला तेवढी सूट घ्यायची नव्हती.

सहावा दिवस. राणीला ताप होता. आपली ताडपत्री वाऱ्यानं दोनदा सुटली होती. चुलीत धूळ, पिठात धूळ. तुम्ही उन्हातून आले, हातात एक वाकडा हूक, आणि मला दाखवायला लागले, हे पाहाय, हा तुटला नाही, भिंतीतून टिनाखालचा लोखंडी अँगलच निघून आला. मी चिडले. म्हटलं, "चाळीस वर्सं लोकांशी भांडून दगड काढले तुमी. काय उपयोग झाला? सगळ्यांचंच उडालं ना?"

तुम्ही हूक खिशात ठेवला. पाणी प्यायले. मी भांडी आदळत राहिले, कारण बोललेलं गिळता येत नव्हतं आणि माफी मागायला वेळ आहे असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पारावर गेले आणि चारचौघांत म्हणाले, "चूक माही हाय. मी टीन अँगलले बांधलं, पन अँगल जमिनीले बांधला नाई. भिंतीच्या भरवशावर राह्यलो." सत्तरीच्या जवळ आलेला माणूस, ज्याचा शब्द या कामात अख्ख्या भागात शेवटचा मानतात, तो भर पारावर म्हणतो चूक माझी. मी मागून पाणी भरून येत होते, घागर कमरेवर तशीच धरून उभी राहिले. माझ्या शिक्षणात मला इतकं कोणी शिकवलं नाही.

आणि मग तुम्ही नवी तऱ्हा काढली. घराच्या चार कोपऱ्यांत हात-दीड हात खड्डे. प्रत्येकात एक जड दगड, त्याला जाड तारेचा वेढा, वर माती ठोकून, आणि ती तार भिंतीला लागून सरळ अँगलपर्यंत. दगड कोणते, तर टिनांवरून पडलेलेच. आयुष्यभर ज्यांच्याशी वैर केलं तेच तुम्ही पोरांकरवी गोळा करून आणवले. देवरावभाऊंनी विचारलं, "मिस्तरी, आता दगड चालते का?" तुम्ही म्हणाले, "दगड वाईट नव्हता. त्याची जागा चुकली व्हती." मला वाटलं तेव्हाच येऊन तुमच्या पाया पडावं. पडले नाही. पावसाळा तोंडावर होता, तुम्ही घाईत होते, मी रागाचा उरलेला तुकडा धरून होते. तुम्ही तशी नऊ घरं बांधली. दर घरी नव्या माणसाला जवळ उभं करून खड्डा कसा, वेढा कसा, ते दाखवलं, आपल्या मागं काम अडू नये म्हणून. मला वाटायचं किती बोलतो हा माणूस. आता कळतं की तुम्हाला घाई कशाची होती.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तुम्ही जेवले, भेंडीची भाजी परत मागून घेतली, निंबाखाली खाटेवर आडवे झाले. चार वाजता मी चहा घेऊन आले आणि दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही.

तेव्हापासून ते वाक्य माझ्यासोबत आहे. गजाननला सांगितलं तर तो म्हणाला, बाबा मनावर घेत नव्हते. गजानन चांगला आहे, पण तुम्ही मनावर घेतलं होतं. तुम्ही त्या हुकांकडे पाहत होते तेव्हा मी तुमचा चेहरा पाहिला होता. एवढा मोठा कारागीर आपलं आयुष्य फुकट गेलं असं समजून गेला, आणि ते त्याच्या तोंडावर सांगणारी मी. तेरा दिवस मला हेच खात होतं.

आता कालचं ऐका. पंगती उठल्यावर कमलकाकू आल्या. पांढऱ्या फुलांचा हार आणला होता. फोटोसमोर उभ्या राहिल्या, हार घातला नाही, माझ्याकडे वळल्या.

"मास्तरीन, मी मिस्तरीले लय शिव्या देल्या. माफी कोनाले मांगू, तुले का फोटोले?"

मी म्हटलं, "रांगेत उभ्या राहा काकू. माह्या मागं."

आणि मी पहिल्यांदा ते वाक्य दुसऱ्या माणसासमोर बोलले. चाळीस वर्षं दगड काढून काय उपयोग झाला, असं मी त्यांना म्हटलं होतं म्हणून. कमलकाकू माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू मी वेडी आहे.

"काय उपयोग झाला? अवो पोरी, त्या दुपारी आमी शाळेत आलो नव्हतो. कूलरच्या आवाजात मिस्तरीचं बडवनं ऐकूच आलं नाई. आमचे बुढे खाटेवर निजेल व्हते. टीन एका झटक्यात उडालं अन डायरेक्ट आभाळ दिसलं. बुढ्याच्या आंगावर धूळ पडली, धूळ. थे अकरा दगड वर असते तं?"

मी हातातली पत्रावळ खाली ठेवली.

"सुखदेवची माय घर पडून नाई मेली. भिंत मागून पडली. आधी टीन उचललं अन वरचा दगड तिच्या छातीवर आला. मीच तिले आंघोळ घातली, मी पाहिलं."

मामाजी, तुम्ही हे कधी म्हणालेच नव्हते. तुमचं भांडण टिनासाठी होतं, गंजासाठी, पाण्यासाठी. दगड खालच्या माणसावर येईल हे तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. आणि वादळानंतर तुम्ही हूक पाहत राहिले, आम्ही उडालेली छतं पाहत राहिलो, कोणी खाली पाहिलं नाही. मला पाळण्यावरचा तो पाटा आठवला. मी तिथेच खाली बसले.

कमलकाकू माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, मोजू. नाल्याकडच्या गल्लीत त्या दुपारी घरात राहिलेले, जिथे तुम्ही भांडून भांडून टिनं रिकामी ठेवली होती. त्यांच्या घरचे तीन, त्या, काका आणि सून वंदना. देवरावभाऊंकडे पाच. विमलबुढी एकटीच, झाले नऊ. किसनाकडे चार. टेलरकडे मी चार म्हटलं तर त्या म्हणाल्या, "टेलर आसेगावले गेल्ता, बायको अन दोन पोरी धर." दोनदा मोजलं, बोटांवर.

"सोळा," कमलकाकू म्हणाल्या. "सोळाच्या सोळा. खरचटलं तेवढंच."

वंदना पत्रावळी उचलत होती. सातवा महिना आहे तिला, वाकताना त्रास होतो, मी तिला दोनदा बस म्हटलं होतं. ती सरळ उभी राहिली, पदर पोटावरून सारखा केला आणि सासूकडे न पाहता म्हणाली, "सतरा. हे काहून नाई धरत?"

मामाजी, सतरा. मी चुकले.